वाचकांचे प्रश्न : सायकलची फ्रेम बांधणारी माणसं

हातानं बांधलेल्या स्टीलच्या फ्रेमबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : इंग्लंडमध्ये रॅलेसारखा अवाढव्य कारखाना असताना गल्लीतल्या एकट्या कारागिराकडून फ्रेम बांधून घेणारे लोक का होते? आणि आपल्याकडे असे कारागीर का झाले नाहीत? (कॉलेज रोड)

उत्तर : रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून फ्रेम हजारांनी निघत, पण ठरावीक मापांत आणि ठरावीक कोनांत. कामावर जायला ती उत्तम. रविवारी पहाटे वेळ लावून पंचवीस मैल मारणाऱ्या क्लबच्या सायकलस्वाराला मात्र आपल्या मांडीच्या आणि धडाच्या मापाची, हलकी आणि चपळ फ्रेम हवी असे. ती कारखान्याला परवडत नसे, एकट्या कारागिराला परवडे.

त्याला भांडवलही फार लागत नसे. नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सकडून येत. नळ्यांची टोकं ज्या पोलादी कपात बसतात ते लग दुसऱ्याकडून, चाक अडकवायचे ड्रॉपआउट तिसऱ्याकडून. कारागिराकडे व्हाइस, कानशी, सपाट लोखंडी पाटा आणि गॅसची भट्टी असली की दुकान उघडलं. त्याचं स्वतःचं म्हणावं असं तिथे तीनच गोष्टींत असे : माप, कोन आणि सांधा.

या माणसांचा इतिहास बराचसा नळ्यांचाच इतिहास आहे. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट रेनॉल्ड्सनं १८९७ मध्ये घेतलं. सांध्याला जाडी हवी, मधल्या भागात ती नुसतं वजन, इतका साधा हिशेब. १९३५ मध्ये ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी आली. पितळ वितळवून सांधा जोडतात त्या पितळी झाळेची उष्णता ती सोसायची, त्यामुळे छोट्या दुकानातही तिची चांगली फ्रेम होई. लंडनचे क्लॉड बटलर आणि हेचिन्स, स्टॉकटनचे टेलर बंधू, डर्बीची १९४६ ची मर्सियन ही त्या काळातली गाजलेली नावं. हेचिन्सच्या मागच्या नळ्या नागमोडी वळवलेल्या असत. शर्यतीच्या फोटोत सायकलवर बनवणाऱ्याचं नाव दिसू नये असा हौशी स्पर्धांचा नियम होता, म्हणून नावाऐवजी आकारानं ओळख पटवली, असं त्या धंद्यात सांगतात.

१९७६ ची ७५३ नळी मात्र पितळी झाळेच्या उष्णतेत ताकद गमावायची. ती चांदीच्या झाळेनंच जोडावी लागे आणि नमुन्याचे सांधे पाठवून पास झालेल्या कारागिरालाच रेनॉल्ड्स ती विकत असे. छोट्या कारागिरासाठी तो मोठाच मान होता. पुढे १९९५ ची ८५३ वेल्डिंगनंतर थंड होताना उलट कडक होणारी निघाली, आणि लगशिवाय टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकानं होणारं) करणाऱ्यांचं फावलं. तोवर धंद्यावर दोन घाव बसून गेले होते. पन्नाशीच्या दशकात इंग्रज कामगार सायकलवरून मोटारीवर गेला आणि क्लॉड बटलरचं दिवाळं निघालं. ऐंशीनंतर तैवानच्या टिग केलेल्या फ्रेम, पाठोपाठ ॲल्युमिनियम आणि कार्बन आलं.

तरी साखळी तुटली नाही. लंडनच्या विटकम दुकानात सत्तरीच्या सुरुवातीला रिचर्ड सॅक्स, पीटर वाइगल, बेन सेरोटा ही अमेरिकन पोरं काम शिकली आणि परत जाऊन त्यांनी तिकडे आपापली दुकानं मांडली. यांतल्या सेरोटांनी कारखाना वाढवला आणि तो २०१३ मध्ये बंद झाला. सॅक्स १९७५ पासून एकट्यानंच बांधत राहिले आणि टिकले. आमच्या मते हा योगायोग नाही. हे काम वाढवलं की कारखान्याशी स्पर्धा होते, आणि ती हरायचीच असते. मर्सियनही २०२४ मध्ये बंद पडली होती, पण तिथल्याच सायकलप्रेमींनी ती विकत घेऊन पुन्हा सुरू केली.

आता आपल्याकडचं. रेनॉल्ड्स १९२८ पासून ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात होती, त्याच समूहाच्या भागीदारीत १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली. पण तिथून बाहेर पडली ती हर्क्युलिससारखी दणकट गाडी. १९५१ ची सोनिपतची ॲटलस, १९५६ ची लुधियान्याची हीरो यांचाही भर बावीस-चोवीस इंची फ्रेमच्या, २८ इंची चाकाच्या गाडीवरच. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्याला अर्धा अंश कोनाशी काय घेणं? हलकी नळी बाजारात नाही, मागणारा नाही, मग कारागीर कुठून येणार? मिस्त्री दुरुस्तीत तयार झाले, बांधणीत नाही. नाशिकमध्ये आता ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, मारणारे पुष्कळ आहेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास अशी वेळ असते, आणि इतका वेळ खोगिरावर काढणाऱ्याला मापाची किंमत लगेच कळते. गिऱ्हाईक आत्ता कुठे तयार झालं आहे.

प्रश्न : मी फॅब्रिकेशन शॉपमध्ये टिग वेल्डर आहे. हात चांगला बसला आहे. स्वतःसाठी एक फ्रेम करायची आहे. फर्निचरचा पाइप चालेल का? कुठे चुकेल ते आधीच सांगा. (सातपूर)

उत्तर : चालेल, पण जड होईल. २८.६ मि.मी. व्यासाचा १.६ मि.मी. जाडीचा पाइप मीटरला सुमारे १,०६५ ग्रॅम भरतो. त्याच व्यासाची ०.९ जाडीची ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची) नळी ६१५ ग्रॅम. तीन मुख्य नळ्यांची लांबी १.७ मीटरच्या आसपास धरा, म्हणजे तिथेच पाऊण किलो वाढतं. पाइपची जाडी कमी करून वजन वाचवू नका. साध्या पोलादाची ताकद क्रोमोलीच्या निम्म्याच्या आसपास असते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तर हातात धरू नका. त्याच्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आमचा सल्ला असा : पहिले दोन-चार सांधे फर्निचरच्या पाइपवर करा, आडवे कापून पाहा, आणि फ्रेम क्रोमोलीत करा.

मापं जुनी इंग्रजीच घ्या, कारण सुटे भाग त्याच मापांचे मिळतात. टॉप ट्यूब (वरची आडवी) २५.४, सीट ट्यूब (खोगिराखालची) आणि डाउन ट्यूब (पुढून खाली पॅडलकडे येणारी) २८.६, हेड ट्यूब (हँडलखालची आखूड) ३१.८, चेन-स्टे (पॅडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या) २२.२ मि.मी. वजन ऐंशी किलोच्या वर असेल तर टॉप २८.६ आणि डाउन ३१.८ करा. तिथे जाडीपेक्षा व्यास जास्त उपयोगी पडतो. ड्रॉपआउट ५-६ मि.मी. पत्र्यातून लेझरनं कापून घेता येतील. मागची खाच १० मि.मी. ठेवा.

आधी प्लायवूडवर पूर्ण आकाराचं चित्र काढा. ७०० × ३२ टायर आणि मडगार्ड बसवायचे असतील तर चेन-स्टे ४३० मि.मी. आणि चाकांच्या मध्यरेषेपासून बीबीचा (पॅडलचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटचा) मध्य ७० मि.मी. खाली. सीट ट्यूबचा कोन ७३ अंश. हेड ट्यूबचा ७३ अंश आणि चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) पुढचा कल ४५ मि.मी. धरला तर ट्रेल (हँडलच्या आसाची रेघ जमिनीला टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) ५८ मि.मी.च्या आसपास येतो. कोन ७२ केलात तर तो ६४ होतो. ५८ ला गाडी चपळ राहते. ६४ ला हँडल सरळ जायला बघतं, आणि कसाऱ्याच्या उतारावर ते सोयीचं वाटेल. आम्ही ब्रेव्हेसाठी ७२ च घेतला असता.

खरं काम नळीचं टोक घासण्यात आहे. कागदी साचा नळीला गुंडाळून रेघ मारा, हॅक्सॉनं कापा, अर्धगोल कानशीनं आणा. सांधा दिव्यापुढे धरल्यावर उजेडाची रेघही दिसता कामा नये. फट राहिली की वेल्डर काडीनं ती भरतो, भरताना जास्त उष्णता जाते, आणि थंड होताना सगळी फ्रेम त्या बाजूला ओढली जाते. फ्रेम वाकडी निघण्याचं कारण जिगपेक्षा (नळ्या जागी धरून ठेवणाऱ्या सांगाड्यापेक्षा) बहुतेक वेळा हेच असतं. जुने कारागीर तर नळ्या आणि लगमधून बारीक खिळे ठोकून सांधा पक्का करत आणि फ्रेम उघड्या भट्टीत धरत; जिग नव्हताच.

सीट ट्यूब आधी बीबी शेलला (बीबीच्या आडव्या नळकांड्याला) टाक्यांनी जोडा, गुण्यानं तपासा. मग पुढचा त्रिकोण टाके मारून उभा करा, आणि पूर्ण वेल्ड समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं घ्या. ०.९ जाडीला ३५ ते ५० अँपिअर, १.६ चा टंगस्टन, ईआर ७० एस-२ ची १ मि.मी.च्या आसपासची काडी, आर्गॉन मिनिटाला ७-८ लिटर. नळीच्या आतही थोडा आर्गॉन सोडा, नाहीतर मागच्या बाजूला कोळशासारखी खरबरीत पपडी धरते. प्रत्येक बंद नळीला ३ मि.मी.चं भोक आधीच पाडा. ते विसरलात तर शेवटचा टाका बुजवताना आतली गरम हवा वितळलेल्या धातूतून फुटून बाहेर येईल आणि तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं राहतील.

वेल्डच्या कडेला नळीत खाच पडू देऊ नका. गेटच्या कामात ती खपते. फ्रेमवर पॅडलचा प्रत्येक दाब तिथे काम करतो आणि भेग तिथूनच सुरू होते. आयएसओ ४२१० या सायकलच्या सुरक्षा-मानकाच्या चाचणीत फ्रेमला पॅडलचे १ लाख दाब सोसावे लागतात. ही खाच त्याच्या फार आधी बोलते.

शेवटी बीबीचे आटे टॅपनं पुन्हा साफ करा, कारण शेल उष्णतेनं अंडाकृती होतो. हेड ट्यूबची दोन्ही तोंडं लेथवर समांतर करून घ्या. मग एका ड्रॉपआउटपासून सुती दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंना दोऱ्याचं अंतर मोजा. फरक १ मि.मी.च्या आत आला तर फ्रेम सरळ.

आणि पहिला चिमटा विकतच घ्या. फ्रेमला भेग गेली तर बहुधा करकर ऐकू येते. चिमटा तुटला तर तोंडावर पडता.

प्रश्न : आमच्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम आहे. टाकणखार लावून डाख देतो, तशीच फ्रेमची झाळ असते का? पितळी काडी चांगली की चांदीची? (जुने नाशिक)

उत्तर : तत्त्व तेच. मूळ धातू वितळवायचा नाही, वितळलेली झाळ फटीत ओढून घ्यायची. फरक तापमानाचा आहे. पितळी काडी ९०० अंशांच्या आसपास वाहते, तिथे टाकणखार चालतो. ५६ टक्के चांदीची काडी ६२० ते ६५० अंशांतच वाहते, आणि टाकणखार वितळायला ७४० च्या वर जावं लागतं. म्हणजे चांदी वाहायला तयार असते तेव्हा टाकणखार नुसता फुगून बसलेला असतो, त्यानं पोलाद साफच केलेलं नसतं. झाळ गोळा होऊन घरंगळते आणि दोष काडीला दिला जातो. चांदीसाठी फ्लोराइडचा फ्लक्स घ्या, तोही उघड्या हवेत वापरा.

चांदीला फट ०.०५ ते ०.१५ मि.मी. इतकीच लागते. नळी लगमध्ये हातानं दाबून बसली पाहिजे, खुळखुळता कामा नये. लग सैल असेल तर पितळ घ्या, ते मोठी फट भरतं. ड्रॉपआउटला पितळ आणि लगला चांदी अशी वाटणी पुष्कळ कारागीर करतात आणि ती योग्य आहे. स्वस्त चांदीच्या काड्यांत कॅडमियम असतं, त्याचा धूर फुप्फुसाला घातक आहे. काडी घेताना कॅडमियमरहित आहे ना, हे बघूनच घ्या.

ज्योत मऊ ठेवा आणि सतत हलती. आधी लगचा जाड भाग तापवा, नळी आपोआप तापते. उलट केलंत तर पातळ नळी लालभडक होईल आणि लग थंडच राहील. झाळ लगच्या एका कडेनं घाला आणि दुसऱ्या कडेला चकाकती रेघ दिसेपर्यंत ज्योतीनं ओढून न्या. ती रेघ दिसली की सांधा भरला. काम झाल्यावर पाण्यात बुडवून विझवू नका, हवेत निवू द्या; मग फ्लक्स काढायला तासभर गरम पाण्यात ठेवा.

प्रश्न : जुन्या बाजारातून रंग उडालेली एक विलायती फ्रेम मिळाली. लग सुंदर आहेत, नाव कुठेच नाही. कोणी बांधली असेल? (पंचवटी)

उत्तर : लगवरून नाव ठरवू नका. एकच नक्षी पन्नास दुकानं विकत घेत. आधी बीबी मोजा. शेल ६८ मि.मी. रुंद आणि उजव्या बाजूला उलटे आटे : इंग्रजी, १.३७ इंच, इंचाला २४ आटे. शेल ७० आणि दोन्हीकडे सुलटे : इटालियन, ३६ मि.मी. शेल ६८, दोन्हीकडे सुलटे आणि व्यास ३५ : जुनी फ्रेंच. ७१ किंवा ७६ मि.मी. आणि इंचाला २६ आटे निघाले तर रॅलेची कारखान्यातली गाडी आहे, छोट्या कारागिराची नव्हे.

मग सीटचा दांडा. २७.२ बसत असेल तर नळी चांगली, ५३१ च्या तोडीची. २५.४ किंवा २६ च्या आसपास असेल तर जाड साधी नळी. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर काळ सांगतं : १२० मि.मी. पाच गिअर, १२६ सहा-सात, १३० त्यानंतरची. मात्र कोणीतरी मधे ताणून वाढवलेलं असू शकतं, तेव्हा दोऱ्याची चाचणी करून बघा. चिमटा काढून त्याच्या दांड्यावर रेनॉल्ड्सचा शिक्का किंवा कोलंबस या इटालियन नळी-कंपनीचं कबूतर आहे का पाहा. बीबी शेलच्या पोटावर आकडे ठोकलेले असतील. रंग खरवडू नका, रिमूव्हरनं काढा, नाहीतर तेही जातील.

शेवटी बीबीच्या आत टॉर्च मारा. नळ्यांची टोकं शेलच्या आत गोल घासलेली दिसली आणि झाळ सगळीकडे पोचलेली दिसली, तर ती काळजीनं काम करणाऱ्याच्या हातची आहे. सरळ कापून कोंबलेल्या नळ्या दिसल्या तर बाहेरून लग कितीही नाजूक असोत, फ्रेम सामान्य. नाव मिळालं नाही तरी गाडी चालवायची की भिंतीला टांगायची हे एवढ्यावरून ठरतं.

प्रश्न : चेन-स्टेला बीबीजवळ भेग गेली. वेल्डिंग करून आणली, दोन महिन्यांत टाक्याच्या शेजारीच पुन्हा गेली. (सिन्नर)

उत्तर : आर्क वेल्डिंग झालं असणार. मिलिमीटरभर जाडीच्या नळीला अडीच-तीन मि.मी.ची काडी म्हणजे भाजणंच. टाक्याच्या कडेला नळी पातळ होते, त्यालगतचा पट्टा ठिसूळ होतो, आणि पुढची भेग तिथेच जाते. दुसरी शक्यता अशी की कारखान्याचा सांधा पितळी झाळेचा आहे आणि त्यावरच वेल्ड मारलं. वितळलेलं पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि पोलाद आतून चिरतं. पितळावर वेल्डिंग कधीच नको.

भेगेची टोकं शोधायला रॉकेल लावा, पुसून कोरडं करा, वर खडूची पूड घासा. भेगेत राहिलेलं रॉकेल पूड भिजवतं आणि रेघ उमटते. रेघ नळीच्या घेराच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर दोन्ही टोकांना २ मि.मी.ची भोकं पाडा, जुना टाका घासून काढा, वरून अर्धगोल पट्टी बसवून पितळी झाळ द्या. पट्टीची टोकं निमुळती ठेवा; चौकोनी ठेवलीत तर भेग पट्टीच्या कडेला सरकेल. रेघ मोठी असेल तर चेन-स्टेच बदला. हेड ट्यूबजवळ डाउन ट्यूबला भेग असेल तर नळी बदलल्याशिवाय चालवू नका, आणि चिमट्याच्या दांड्याला असेल तर तो भंगारात घाला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला यातलं काहीच लागू नाही. ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद वेल्डशेजारी साधारण निम्म्यावर येते आणि भट्टीत पुन्हा उष्णोपचार केल्याशिवाय परत येत नाही.

प्रश्न : मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली दुसऱ्याच कारागिरानं बांधलेल्या असत आणि वर कंपनीचं नाव, हे खरं का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : खरं, आणि इटलीत तर ते सर्रास चाले. मिलानच्या व्हिगोरेली वेलोड्रोमच्या (सायकल शर्यतीच्या मैदानाच्या) पोटात फालिएरो मासी या कारागिराचं दुकान होतं. स्पर्धकाला अंगाला बसलेली फ्रेम हवी, पुरस्कर्त्याला नळीवर आपलं नाव हवं. दोन्ही जमवायचं तर फ्रेम कारागिराची आणि रंग पुरस्कर्त्याचा. बेल्जियमचे शर्यतपटू एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, त्या गाडीची फ्रेम एर्नेस्तो कोलनागो यांची. पुढे मर्क्ससाठी उगो दे रोसा यांनी फ्रेम बांधल्या, आणि १९८० मध्ये मर्क्सनं स्वतःचा कारखाना काढला तेव्हा शिकवायलाही तेच गेले.

जपानमध्ये छोटा कारागीर नियमानं जगला. तिथल्या पुरुषांच्या पारंपरिक केइरिन शर्यतीत (ट्रॅकवरची, पैजा लावल्या जातात अशी) मान्यताप्राप्त कारागिरांनी बांधलेली स्टीलचीच फ्रेम लागते. त्यांतले नागासावा इटलीत शिकले आणि १९७६ मध्ये ओसाकाकडे स्वतःचं दुकान मांडून बसले. कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ सलग दहा वेळा स्प्रिंटचं जगज्जेतेपद जिंकलं, ते नागासावांच्याच फ्रेमवर.

प्रश्न : जुन्या स्टीलच्या फ्रेमला पावडर कोटिंग करावं का? झाळ सुटेल का? (अंबड)

उत्तर : करा. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, चांदीची झाळसुद्धा ६०० च्या वर सुटते. सँड ब्लास्टिंगला मात्र बारीक वाळू आणि कमी दाब सांगा, पातळ नळीला खड्डे पडतात. बीबीचे आटे, हेड ट्यूबची तोंडं आणि सीट ट्यूबचं तोंड झाकून घ्या. कोटिंगआधी नळ्यांत अडकलेली वाळू भोकांतून हवा मारून काढा, ती पुढे बीबीचे छर्रे खाते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरवणार असाल तर बीबी शेलच्या तळाला ५ मि.मी.चं भोक आहे ना बघा आणि आतून जवसाचं तेल फिरवा. फ्रेम उलटी-सुलटी करत दोन दिवस निथळू द्या, मगच बेअरिंग बसवा.